पाहुणी ओळ

१

पाणथळ जागच्या जागी होती. लव्हाळ्यांत पाणकोंबड्या भांडत होत्या, बांधावर राखणदार उन्हाला पाठ देऊन बसला होता, आणि पाणी नेहमीप्रमाणे कुणाचीही मंजुरी न घेता एका दारातून आत येऊन दुसऱ्या दारातून बाहेर जात होतं. पाणथळ नाहीशी झाली होती ती फक्त राज्याच्या अर्थसंकल्पातून.

ही बातमी घेऊन भाची आली तेव्हा कात्रीबाई बाल्कनीत कुंड्यांतली झाडं छाटत होत्या. कात्री हे त्यांचं कचेरीतलं नाव. खात्यांनी मागितलेल्या पैशांतून काय कापायचं हे ठरवण्यात त्यांची हयात गेली होती, आणि निवृत्तीनंतर ती हौस आता जास्वंदीवर भागत होती.

"मावशी, ओळ गेली."

"कुठली?"

"पाणथळीची. 'बांध, दारं आणि राखण.' काल सकाळच्या कच्च्या प्रतीत होती, आज नाही." भाची कुंडीकडे बघत बोलत होती. "संध्याकाळी छापखान्याची गाडी येते. त्याआधी सापडली नाही तर निलंबन. माझं. आदेश टाइप करून तयार आहे."

"तुझं का?"

"अर्थसंकल्पाची खोली माझ्या ताब्यात. किल्ली माझ्याकडे. सचिव म्हणाले, तुमच्या मावशीला बोलवा. त्यांना ओळी कापता येत होत्या, म्हणजे शोधताही येत असतील."

"छान. न्हाव्याला केस कापता येतात म्हणून टकलावर केस उगवून द्यायलाही त्यालाच बोलवायचं." कात्रीबाईंनी हात धुतले आणि कपाटातली सुती साडी काढली. ती त्या फक्त कपातीच्या मोसमात नेसायच्या. कपाटाला तिची आठवण राहिली होती. घड्या जशाच्या तशा होत्या.

कचेरी मात्र बदलली होती. लाकडी जिन्याच्या जागी लिफ्ट आली होती आणि ती बंद होती, त्यामुळे मागच्या अरुंद जिन्याने चढताना त्या लाकडी जिन्याची उणीव फार जाणवली. अर्थसंकल्पाच्या खोलीत पूर्वी एक लांबलचक टेबल असे, शाईचा वास असे, आणि खिडकीत वर्षानुवर्षं तेच एक कबुतर. आता संगणक होते आणि खिडकी उघडत नव्हती. कात्रीबाई काचेपाशी उभ्या राहिल्या. पलीकडच्या कठड्यावर एक कबुतर होतं. तेच असणं शक्य नव्हतं, पण त्याने ओळखीचं बघितलं.

अर्थखात्याचे सचिव तरुण होते, चष्मा महागाचा होता आणि वेळ थोडा.

"मॅडम, थोडक्यात सांगतो. ही ओळ यंदा बंद करायची आहे. पाणथळीवरून शहराबाहेरचा रस्ता जाणार. पण जुना कायदा असा, की सभागृहात 'पाणथळ, शून्य' असं वाचून दाखवल्याशिवाय ती जमीन मोकळी होत नाही. काल संध्याकाळी तिच्यापुढे शून्य टाकायला बसलो, तर ओळच नाही!"

"मग नवी ओळ घाला. पुढे शून्य लिहा."

सचिवांनी उत्तरादाखल संगणकावर पाणथळीचा क्रमांक टाकला. प्रत्येक ओळीला जन्मतः एक क्रमांक मिळतो आणि तो मरेपर्यंत बदलत नाही. संगणकाने एक लाल चौकोन दाखवला: हा क्रमांक वापरात आहे.

"कुठे वापरात आहे ते सांगत नाही?"

"नाही. आणि हा संगणक ज्या ठेकेदाराने बसवला तो फोन उचलत नाही. तुमची भाची सकाळपासून एकेक खातं उघडून शोधतेय. काही हाती नाही."

कात्रीबाईंनी त्या लाल चौकोनाकडे पुन्हा पाहिलं. चोरीला गेलेल्या वस्तूने घरातूनच ओ द्यावी, तसं ते होतं.

ओळ मेलेली नव्हती. ती याच पुस्तकात कुठेतरी जिवंत होती.

२

आदल्या दुपारी सगळ्या खात्यांचे अधिकारी आपापली पानं तपासायला त्या खोलीत बसले होते. पाणथळीशी संबंध असलेले त्यांत तिघे: वनाधिकारी, रस्त्यांचे मुख्य अभियंता आणि कात्रीबाईंचे जुने सहकारी, ज्यांना सगळे बेरीज म्हणत.

वनाधिकाऱ्यांची ओळ, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून.

"गेली?" वनाधिकारी म्हणाले. "माझी? कधी?"

"काल."

"मला कुणी सांगितलंच नाही. बघा, खात्यात काय चाललंय ते खातेप्रमुखालाच शेवटी कळतं." त्यांनी घंटी वाजवली. कुणी आलं नाही. "जाऊ दे. वाईट झालं. फार सुंदर जागा आहे म्हणतात."

"म्हणतात? तुम्ही गेला नाहीत कधी?"

"मॅडम, तिथे डास आहेत."

भिंतीवर पाणथळीचा भलामोठा फोटो होता. उलटा टांगलेला. पाण्यात आकाश होतं की आकाशात पाणी, यावर साहेबांनी बहुधा विचार केला नव्हता. या माणसाने ओळ लपवली असेल तर आधी त्याला ती सापडावी लागली असती. कात्रीबाईंनी त्यांचं नाव मनातल्या मनात कापलं.

मुख्य अभियंता मात्र त्यांची वाटच बघत होते. रुंद खांद्यांचा, हळू बोलणारा माणूस.

"माझ्यावर संशय असणारच," ते म्हणाले. "रस्ता माझा, अडचण पाणथळीची. पण बाई, मी त्या पाण्यातच पोहायला शिकलो. मोठ्या दारापाशी एक खांब आहे, त्याला हात लावून परत आलं की आमच्यात पोहता येतं असं धरायचे. भाऊ मला बांधावरून ढकलायचा."

"आणि आता तिथेच भराव घालणार?"

"वरून आलेला आराखडा आहे. मी आखत असतो तर वळसा घातला असता. रस्ता थोडा लांबला असता, एवढंच." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "पण ओळ मी का गायब करू? मला ती हवीय, पुढे शून्य लावलेली. जी ओळच नाही तिच्यापुढे शून्य कसं वाचणार? आणि शून्य वाचलं नाही तर जमीन मोकळी नाही. रस्ता अडला माझा, आणि तुम्ही मलाच विचारताय."

कात्रीबाई जिना उतरताना मध्येच थांबल्या. मागून येणारा शिपाई त्यांच्यावर आदळता आदळता राहिला.

सकाळपासून सगळे पाणथळीचा वैरी शोधत होते. वैऱ्याला तर ओळ पुस्तकात हवी होती. ती लपवली होती पाणथळीवर जीव असलेल्या कुणीतरी.

३

बेरीज तळमजल्यावर शेवटच्या खोलीत बसत. पानभर आकडे वरून खाली नुसते बघून ते बेरीज सांगत, म्हणून हे नाव. संगणक आल्यापासून त्यांच्या बेरजेची कुणाला गरज नव्हती, पण सवयीने ते अजून कॅलेंडरची पानंसुद्धा बेरीज करून उलटत.

"बाई!" ते उठून उभे राहिले. "ती साडी! म्हणजे कपात आहे तर."

"बसा हो. चहा सांगा."

चहा आला. कप नवे होते. चहा तोच, जिभेवर अन्याय करणारा. दोघांनी तो तरीही संपवला. मग जुन्या गोष्टी आपोआप निघाल्या. मोठे साहेब, त्यांचा तो नियम: नदी, रान, तळं, डोंगर, कशावरचाही पैसा कापायचा असेल तर आधी तिथे जाऊन उभं राहायचं. टेबलावर बसून कापायचं नाही. कात्रीबाई पाणथळीवर पहिल्यांदा गेल्या त्या अशाच, कापायला. पायात चांगल्या चपला होत्या. एक चिखलात राहिली, ती अजून तिथेच असेल. परत येऊन त्यांनी त्या ओळीला हात लावला नाही. पुढे बहिणीची रविवारी इस्पितळात ड्यूटी असे, तेव्हा तिची लहान मुलगी कात्रीबाईंकडे असायची. ते रविवार मग बहुतेक बांधावरच गेले.

"बेरीज, खरं सांगा. ओळ पाहुणी पाठवलीत का?"

बेरजांनी कप बशीत ठेवला.

ती या खोलीतली जुनी रीत होती. कुठे लिहिलेली नव्हती. कपातीचं वादळ आलं की जी ओळ मरू नये असं वाटे ती मोठे साहेब गुपचूप दुसऱ्या खात्यात मुक्कामाला पाठवत, नाव थोडं बदलून. वादळ सरलं की पाहुणी घरी परत. पैसा तेवढाच, खर्चही त्याच कामावर, फक्त पत्ता वेगळा.

"बाई, मनात आलं होतं," बेरीज म्हणाले. "पण मला त्या संगणकात ओळ इकडची तिकडे करता येत नाही हो. मला तो चालूही करता येत नाही. तुमची भाची सकाळी येऊन चालू करून जाते."

"रीत आणखी कुणाला माहीत होती?"

"साहेब गेले. उरलो आपण दोघं. आणि पाहुण्या कुठे जायच्या तेही आपल्यालाच ठाऊक. कायम एकाच घरी."

"छापखान्यात," कात्रीबाई म्हणाल्या.

"सरकारी छापखान्याच्या पानांत. कारण जगात कुणी ती वाचत नाही. छापखानासुद्धा."

कात्रीबाई वर आल्या, अर्थसंकल्पाची कागदावरची प्रत मागवली, आणि छापखान्याची पानं काढली. शाई. कागद. यंत्रांचं तेल. छपराची गळती. पुन्हा एकदा शाई.

पाहुणी तिथे नव्हती.

४

भाची कोपऱ्यातल्या संगणकापाशी खातेवार शोधत होती, अजूनही. मान खाली. लहानपणी चोरून साखर खाल्ली की अशीच बसायची. तोंड पुसलेलं असे, मान विसरलेली असे.

कात्रीबाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. ओळ ज्याने हलवली त्याला रीत माहीत आहे. पण घर माहीत नाही. असा कोण? बेरीज नाहीत. मोठे साहेब नाहीत. कुणीतरी रीत ऐकलेली, पण दुरून. अर्धवट. गोष्टीसारखी.

गोष्टीसारखी.

बांधावरचा एक रविवार त्यांना आठवला. ऊन उतरत होतं, त्यांच्या खांद्यावर एक चिमुरडी पेंगत होती आणि रस्ता अजून बराच होता. मुलगी झोपली की दुप्पट जड होते, म्हणून त्या गोष्ट सांगत होत्या. आदल्या रविवारी ती पोर संग्रहालयातल्या देवमाशाच्या सांगाड्याखालून हलायला तयार नव्हती.

कात्रीबाईंनी गठ्ठ्यातून संग्रहालयांची पानं काढली. नाणी. शिलालेख. छतावरचे पंखे. देवमासा, हाडांना तेल. आणि त्याच्याच खाली, अगदी सोज्वळपणे: जिवंत संग्रह, देखभाल. क्रमांक पाणथळीचा.

ओळ सापडली होती. चोरही सापडला होता. आणि कात्रीबाईंना नोकरीत पहिल्यांदाच, तीही संपल्यावर, वाटलं की आपण या कामात जरा कमी हुशार असतो तर बरं झालं असतं.

कारण हिशेब सरळ होता. ओळ कुठे आहे ते सांगितलं, की सचिव तिच्यापुढे शून्य टाकणार, आणि पाणथळीवर भराव. नाही सांगितलं, की निलंबन, आणि तेही योग्य व्यक्तीचंच.

त्यांनी गठ्ठा नीट लावला. संग्रहालयांची पानं होती तिथेच ठेवली, मत्स्यव्यवसाय आणि तुरुंग यांच्या मध्ये. मग सचिवांकडे निरोप पाठवला: सापडलं आहे. सगळ्यांना बोलवा. आणि सह्यांचे कागदही घेऊन बसा.

५

सगळे जमले. वनाधिकारी, अभियंता, दाराशी बेरीज, कोपऱ्यात भाची. टेबलावर निलंबनाचा आदेश, त्यावर पेपरवेट. खाली आवारात छापखान्याची गाडी येऊन उभी होती.

"बोला मॅडम," सचिव म्हणाले.

"बोलते. पण तुमच्या सह्या राहिल्यात ना? प्रत्येक पानावर तुमची सही लागते. तुम्ही सह्या करत राहा, मी सांगत राहते. गाडीवाला कुरकुर करायला नको."

सचिवांना हे पटलं. एका वेळी दोन कामं करणं ही त्यांच्या पिढीची श्रद्धा होती. त्यांनी पेन उघडलं. शिपाई एकेका खात्याची पानं पुढे सरकवू लागला, सही झाली की गठ्ठा बांधून गाडीकडे नेऊ लागला.

"हे समजायचं तर आधी जुनी पद्धत समजायला हवी," कात्रीबाई म्हणाल्या. आणि ज्या बाईने उभ्या हयातीत कुणाला दोन वाक्यांच्या वर उत्तर दिलं नव्हतं, ती बोलू लागली.

त्यांनी लांबलचक टेबलाचं सांगितलं. दिवे गेले त्या संध्याकाळचं सांगितलं, जेव्हा बेरजांनी अंधारात तोंडी बेरीज केली आणि ती बरोबर आली. एका वरिष्ठांच्या कुत्र्याने मत्स्यव्यवसायाची पानं खाल्ली, ते सांगितलं. त्या वर्षी मासेमारीला भरघोस मिळालं, कारण मूळ मागणी कुणाला आठवेना. वनाधिकारी हसले. सचिवही हसले, सही करता करता.

"मग कुत्र्याचं काय झालं?" अभियंत्यांनी विचारलं.

"त्याला काय व्हायचंय? नंतरही कागद दिसला की शेपूट हलवायचा."

दाराशी बेरीज डोळे पुसत होते, आणि ते हसून की रडून हे त्यांनाही नक्की माहीत नव्हतं.

मत्स्यव्यवसाय सही होऊन गेला. शिपायाने संग्रहालयं पुढे सरकवली. कोपऱ्यात भाचीचा हात तोंडावर गेला. कात्रीबाईंनी आवाज किंचित चढवला.

"आणि मोठे साहेब! कापायच्या आधी जागेवर नेऊन उभं करायचे. ऐकताय ना? आम्ही पाणथळीवर गेलो होतो, माझी चप्पल चिखलात रुतली. साहेब म्हणाले, काढू नका, राहू दे. तुमचं काहीतरी इथे राहिलं म्हणजे कापताना आठवण होईल."

सचिवांचं पेन क्षणभर हवेत थांबलं. नजर कात्रीबाईंवर होती. "खरंच असं म्हणाले?"

"अगदी अस्संच."

पेन खाली आलं. नाणी, शिलालेख, पंखे, देवमासा, जिवंत संग्रह: सही. पान उलटलं. तुरुंग.

कात्रीबाई बोलत राहिल्या. शेवटचं पान झालं, शेवटचा गठ्ठा गेला, खाली गाडीचं दार आपटलं आणि ती फाटकाबाहेर पडल्याचा आवाज आला. तेव्हा कुठे त्यांनी घोटभर पाणी प्यायलं.

"तर ओळ," सचिव म्हणाले. "कुणी घेतली?"

"कुणी घेतलेली नाही. पुस्तकातच आहे. संग्रहालयांच्या पानावर, देवमाशाच्या खाली. 'जिवंत संग्रह, देखभाल.' तुम्ही आत्ताच मंजूर केलीत."

वनाधिकाऱ्यांनी सचिवांकडे पाहिलं, सचिवांनी स्वतःच्या पेनाकडे.

"गाडी थांबवा!" सचिव उठले.

"थांबवता येईल," कात्रीबाई म्हणाल्या. "नियम आहे तसा. सही झालेलं पान परत मागवायचं तर सभागृहाला लेखी कारण द्यावं लागतं. कारण काय लिहायचं? सही केली, पण वाचलं नव्हतं? लिहा की. मी शुद्धलेखन बघून देते."

सचिव हळूच खाली बसले.

"तुम्हाला हे आधीच माहीत होतं."

"मी म्हातारी बाई. मला फक्त जुनं आठवतं."

सचिवांनी भाचीकडे पाहिलं, मग पेपरवेटखालच्या आदेशाकडे. ओळ हरवल्याबद्दल निलंबन. ओळ हरवलेली नव्हती. तिच्यावर त्यांची स्वतःची ताजी सही होती, शाई ओली. त्यांनी आदेशाची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि ती खिशात ठेवली.

"त्या पाणथळीवर," ते थोड्या वेळाने म्हणाले, "जायचं कसं?"

"चांगले बूट घालून जाऊ नका," अभियंता म्हणाले.

६

रविवारी मावशी-भाची बांधावर बसल्या होत्या. राखणदार आता कागदोपत्री संग्रहालयाचा माणूस झाला होता. त्याला अजून कळलं नव्हतं आणि त्याचं काही अडत नव्हतं. मोठ्या दारापाशी एक रुंद खांद्यांचा माणूस पाण्यात उतरला होता. तो खांबाला हात लावून परत फिरला.

"मावशी, तुला कधी कळलं?"

"तू स्वतःच शोधत होतीस आणि तुला सापडत नव्हतं, तेव्हा शंका आली. लहानपणी तुला कपाटामागचं चिंचोक्याएवढं बटणही सापडायचं."

"मला वाटलं होतं तू आलीस की लगेच घरी जाशील. सचिवांना नाही म्हणता आलं नाही मला." ती गवताची काडी तोडत होती. "पण खात्री कशाने झाली?"

"देवमाशाने. पाहुण्या संग्रहालयात कधीच गेल्या नाहीत गं. एकही नाही. सगळ्या छापखान्यात जायच्या."

भाचीचा हात थांबला. "पण तू तर सांगायचीस. ओळ पळत पळत येते, आणि देवमाशाच्या बरगड्यांत लपते, आणि कात्री घेतलेली बाई खाली उभी राहून म्हणते..."

"छापखाना सांगितला असता तर तू माझ्या खांद्यावर झोपली असतीस. तेव्हाही जड होतीस. म्हणून देवमासा घातला. ती गोष्ट जगात मी एकाच पोरीला सांगितली होती."

भाचीने काडी पाण्यात टाकली. मग एकदम हसली, आणि तिचे डोळे भरले, आणि तिने ते बाहीने पुसले, थेट लहानपणीसारखे. कात्रीबाईंनी बघितलं नाही असं केलं. पलीकडून कुणीतरी बूट हातात घेऊन, पँट दुमडून, अतिशय जपून चिखलातून येत होतं. चष्मा महागाचा होता.

"पुढच्या वर्षी काय करायचं?" भाचीने आवाज खाली आणून विचारलं. "हा माणूस आता सगळ्यात आधी संग्रहालयात बघणार."

"बघू दे," कात्रीबाई म्हणाल्या. "छापखाना रिकामा आहे. मी स्वतः पाहून आलेय."